असली डिस्कची नक्कल

आधी माफी मागतो. मी विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, एकही खटला अजून जवळून पाहिलेला नाही, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. अशा माणसाने कायद्याबद्दल लिहावे हे मलाच अवघड वाटते. पण हा प्रश्न पुस्तकात भेटण्याआधी मला एका दुकानात विचारला गेला, म्हणून आठवते तेवढे लिहितो. चुकेल तिथे जाणत्यांनी दुरुस्त करावे.

दुकान गडचिरोलीत, बसस्टँडपासून थोडे आत. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा तिथे टाइप करून छापून मिळतात. बारावीनंतर मी तिथेच मराठी टायपिंग शिकलो आणि सुट्ट्यांमध्ये कामही केले. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्या पत्नीला बाई. मी कायद्याला प्रवेश घेतला त्या दिवसापासून भाऊ मला वकीलसाहेब म्हणू लागले. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला कधी नीट कळले नाही.

दुकानातले सगळे काम एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर चालते. भाऊंनी ते नागपूरहून पेटीसकट विकत आणले होते. गल्लीतल्या बाकी दुकानांत तेच सॉफ्टवेअर, त्यातले संरक्षणाचे कुलूप तोडून, फुकट आलेले. भाऊंना याचा मोठा अभिमान. गिऱ्हाईक बसलेले असले की मुद्दाम म्हणत, "आपल्या इथी चोरीचं काई नाई." या सॉफ्टवेअरची खोड एवढीच, की ते उघडताना दर वेळी मूळ डिस्क आत लागते. डिस्क ओळखली नाही तर ते सुरूच होत नाही. साधी नक्कल घातली तर ते तिला ओळखते आणि बाहेर टाकते. कंपनी केव्हाच बंद पडलेली. आणि त्यात केलेल्या फायली दुसऱ्या कशात उघडल्या तर पानभर नुसती चिन्हे दिसतात. इतक्या वर्षांचे सगळे काम त्या एका डिस्कच्या आड होते.

गेल्या दसऱ्याला मी तिथे नव्हतो. आमच्या घरी हत्यारांची पूजा नसते. त्या सुमारास आम्ही सगळे दीक्षाभूमीवर जातो. दुकानात मात्र दरवर्षी बाई कागद कापायचे कटर, स्टेपलर, प्रिंटर, कीबोर्ड असे सगळे पुसून हळदीकुंकू लावतात. डिस्कलाही लावतात, पण तिच्या डबीवर. त्या वेळी डबीचे झाकण मोडले होते. बाईंनी डिस्क बाहेर काढून तिलाच कुंकू लावले, आणि तेही चकचकीत बाजूला.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात गेलो तेव्हा भाऊ म्हणाले, "या वकीलसाहेब. देवीनं डिस्क खाल्ली."

"देवीले काऊन नाव ठेवता?" बाई आतून म्हणाल्या. "चमकते थेच तोंड समजलो मी. तोंडाले नाई तं का पाठीले कुंकू लावू?"

"आन् पुसलं कायनं, थे विचार हिले. कटरच्या फडक्यानं!"

"मंग शालू आनून द्याचा होता पुसाले."

डिस्कवर बारीक गोल ओरखडे उठले होते. कॉम्प्युटर ती कधी घ्यायचा, कधी नाही. एका सकाळी ती लागली, तेव्हापासून भाऊंनी कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. एकदा उघडलेले सॉफ्टवेअर पुन्हा डिस्क मागत नाही. भीती होती ती लाईट जाण्याची. चंद्रपूरला माझ्या होस्टेलच्या गच्चीवरून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो, पण इकडे वारा आला तरी लाईट जाते. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांचा हंगाम सुरू होणार होता, आणि तो बुडाला असता तर दुकान पुढे चालवणे भाऊंना कठीण होते.

चंद्रपूरहून अधूनमधून येणारा एक मेकॅनिक कुलूप तोडून चालणारी नक्कल काढून द्यायला तयार होता. भाऊंनी त्याला थांबवून ठेवले होते. पेटीतला करारनामा त्यांनी माझ्यापुढे धरला. कोणत्याही प्रकारे प्रत काढण्यास मनाई आहे, असे त्यात इंग्रजीत होते.

"आता सांग, हे चोरी हाय का नाई? मी लोकायले जिंदगीभर चोर म्हनलं. तेच काम मी करून राह्यलो काय?"

मी म्हटले, पुस्तकात बघून सांगतो.

सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात कॉपीराइटचा कायदा काढला. त्यात सरळ लिहिले होते की ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीरपणे आहे, त्याने तो हरवण्यापासून किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत काढली, आणि ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला वापरली, तर तो भंग नाही. मला फार आनंद झाला. पण पुढे दुसरे कलम निघाले. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याला कैदेची शिक्षा आहे.

मी आमच्या मॅडमना विचारायला गेलो. दारात बराच वेळ उभा राहिलो, कारण प्रश्न कुणाच्या तरी दुकानाचा होता, अभ्यासाचा नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "हेतू हा शब्द नीट वाच. भंग करायचा हेतूच नसेल तर ते कलम लागत नाही, असे म्हणता येईल. करारनाम्यातली मनाई हा वेगळा वाद आहे. त्यावर कंपनी दिवाणी भांडण काढू शकते, पण तेवढ्याने कोणी चोर ठरत नाही. आणि त्याच कलमात पुढे काय आहे ते वाचलेस का?"

मी वाचले नव्हते. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे पुढे होते.

पुढच्या शनिवारी मी बसने गडचिरोलीला गेलो. मेकॅनिकलाही भाऊंनी बोलावून घेतले होते. मी अडखळत सगळे सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे ही चोरी नाही, असे म्हणालो.

"समजुतीप्रमाने म्हंजे?" भाऊ म्हणाले. "हाय का नाई, एक सांग ना बे."

"नाई," मी म्हटले. "पण एकच काढायची. आणि यांनी तुमचं नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचं."

मेकॅनिक तोपर्यंत चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "मी कोनाचं नाव लिहत नाई भाऊ. इतके साल काम करून राह्यलो, कोनाचं लिहलं नाई. उद्या कोनी कागद पाह्यला तं पहिले मलेच उचलन."

त्याच्या या भीतीत हसण्यासारखे काही नव्हते. आमच्या जिल्ह्यात कोणी नाव-पत्ता लिहायला लागला की माणूस आधी दाराकडे बघतो. माझे वडीलही तसेच करतात.

"आन् एक नाई, मी दोन काढतो," तो म्हणाला. "एक माझ्याजवळ राह्यते. नेहमीचं हाय."

"तिथीच तं चोरी सुरू होते," भाऊ म्हणाले.

"मंग राहू द्या. लाईट गेली का फोन करजा."

तो पिशवी उचलून दाराकडे निघाला. भाऊ बसून राहिले. मला वाटले, माझ्या कायद्यामुळे हातातले काम गेले. मॅडमना विचारलेच नसते तर ते झाले असते, असेही वाटून गेले. तेव्हा बाई बाहेर आल्या. त्यांनी बिलबुक मेकॅनिकपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, कारन मी सांगतो. लिव्हा, बायकोनं डिस्कले कुंकू लावलं म्हनून. हे वाचून कोनता पोलीस तुमाले नेते थे मी पाह्यतो."

मेकॅनिक हसला. पिशवी खाली ठेवून परत बसला. त्याने बिलबुकाच्या मागच्या पानावर भाऊंचे नाव, गल्ली आणि कारण लिहिले, कुंकवासकट, आणि ते पान फाडून खिशात घातले. मग तो कॉम्प्युटर चालूच ठेवून, दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर, भाऊंच्या डोळ्यांसमोर त्याने एकच नक्कल काढली. डिस्क मध्ये मध्ये अडत होती. झाल्यावर नक्कल त्या मशीनवर घालून पाहिली, तर नुसतीच घरघर. त्याने काहीतरी बदलून पुन्हा घातली. आता सॉफ्टवेअर उघडले, पण जुनी फाइल उघडून पाहण्याआधीच त्याच्या परतीच्या बसची वेळ झाली. "चालन बहुतेक," म्हणून तो गेला.

भाऊंनी ती नक्कल कपाटात ठेवली आणि वापरली नाही. असली जिवंत असताना नक्कल लावायची नाही, असा त्यांचा अर्थ. कायद्यातल्या 'तात्पुरते' या शब्दाचा हा अर्थ बरोबर आहे की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

नंतर माझी सत्र परीक्षा सुरू झाली. शेवटचा पेपर देऊन मी होस्टेलवर आलो तेव्हा भाऊंचा फोन आला. सकाळी लाईट गेली, बॅटरी बसली, कॉम्प्युटर बंद पडला. लाईट आल्यावर असली डिस्क त्यांनी पुन्हा पुन्हा घालून पाहिली; शेवटी ती आतच तडकली. मग नक्कल लावली. जुन्या फायली उघडल्या. आरमोरीकडच्या एका घरची पत्रिका अडली होती, ती दुपारपर्यंत छापून गेली.