फिलोमेनमावशीचा खड्डा

समजा, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आहे. प्रार्थना संपून चर्चच्या पायऱ्यांवर अख्खं गाव, म्हणजे एक्केचाळीस माणसं, उभं आहे. तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघायचं आणि ठरवायचं, की एप्रिलपर्यंत यांतलं कोण मरणार. चुकलात तर भोगणार तुमचीच कंबर.

जिल्दास कादोरे हे काम बावीस वर्षं करत होता. सां-गेनोले गावात हिवाळ्यात जमीन पुरुषभर खोल गोठून दगड होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्रापार इथे माणसं आणून गाव वसवणाऱ्या पाद्रीबाबांनी गहू किती पिकतो ते रंगवून सांगितलं होतं, थंडीचं सांगायचं राहून गेलं. म्हणून रीत अशी पडली, की हिवाळ्यातल्या मयतांचे खड्डे ऑक्टोबरातच खणायचे आणि फळ्या टाकून वर गव्हाचं काड पसरून ठेवायचं. पण कबरस्तानात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. त्यामुळे कुदळ कुठे पडली यावरून कुणाचा नंबर लागला ते गावभर व्हायचं. ऑक्टोबरात जिल्दास समोर दिसला, की म्हातारी माणसं ताठ चालायची आणि खोकला गिळायची.

अंदाज चुकला, की उणे पस्तीसमध्ये जमिनीवर कोळसे पेटवून तीन दिवस वीतवीत खणत बसायचं. गेल्या जानेवारीत तसं करताना जिल्दासची कंबर गेली. "पुन्हा असं केलंस तर उरलेलं आयुष्य खुर्चीत," डॉक्टरने बजावलं. यंदा एकच खड्डा झेपणार होता आणि उमेदवार होते दोन: एकोणनव्वद वर्षांची फिलोमेनमावशी आणि ब्याऐंशी वर्षांचा, सतत खोकणारा आर्सेन.

जिल्दासने आर्सेनच्या जागेत पहिली कुदळ मारली. तासाभरात फिलोमेनमावशी काठी आपटत हजर.

"आर्सेन? तो शेंबडा? अरे, मी सात वर्षांनी मोठी आहे त्याच्यापेक्षा!"

"मावशी, तो खोकतो."

"तो जन्मल्यापासून खोकतोय. लग्नात 'हो' म्हणायच्या वेळी खोकला, पाद्र्याने तोच होकार धरला."

"मग तुमचा खणू म्हणता?"

"नाहीतर काय! आणि नीट खण. माझ्या नवऱ्याच्या वेळी कोपरे गोल केले होतेस."

"पण आर्सेन गेला तर मी काय करू?"

"त्याला जाऊ देऊ नकोस," मावशी म्हणाली आणि निघून गेली.

मावशीपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. जिल्दासने तिचाच खड्डा खणला, चारही कोपरे काटकोनात.

फेब्रुवारीत आर्सेनला न्यूमोनिया झाला. बायको रडली खरी, पण काळा पोशाख इस्त्री करून ठेवायला विसरली नाही. त्याच्या जिवासाठी चर्चमध्ये सगळ्यात कळवळून प्रार्थना केली ती कबर खणणाऱ्याने. जिल्दास रोज दोनदा वाटाण्याचं सूप घेऊन जायचा, शेगडीत लाकडं सारायचा, त्याच्या अंगावरची घोंगडी नीट करायचा.

"एवढी माया कुठून आली रे?" आर्सेनने घरघरत विचारलं.

"कमरेतून. गप पी."

आर्सेन वाचला. त्या हिवाळ्यात गावात कुणीच मेलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर जिल्दास खड्डा बुजवायला गेला, तर काठावर मावशी उभी. "फळ्या काढ," तिने हुकूम सोडला. फळ्यांखाली गाजरांची तीन पोती आणि कोबीचे डझनभर गड्डे होते. सगळं करकरीत.

"माझ्या तळघरात गोठतात," ती म्हणाली. "नोव्हेंबरातच आर्सेनकडून सगळं इथे ठेववून घेतलं."

"आणि मावशी, तुम्ही डिसेंबरात गेला असतात तर?"

मावशीने एक गाजर पदराला पुसल्यासारखं कोटाला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "खा. आणि पोती गाडीत चढव, कंबर सांभाळून."

जिल्दासने पोती चढवली, खड्डा बुजवला. त्यानंतर त्याने मावशीला एक गोष्ट निदान दहा वेळा विचारली आणि दहाही वेळा तिला नेमकं ऐकू आलं नाही: त्या दिवशी कबरस्तानात भांडून तिने मागितलं होतं ते काय, कबर की तळघर?