असन

“कोणाचं मन दुखलं असन, त माफी असावी.”

हे वाक्य हिंमतराव गेली वीस वर्षं जानेफळच्या मारुतीच्या देवळातून भोंग्यावर म्हणत आले. लाइट गेली, आरतीला उशीर झाला, भजनात त्यांचा स्वतःचाच सूर सुटला, की हेच. देवळाची भांडी आणि भोंगा दोन्ही त्यांच्या ताब्यात. भांडी ते कुलपात ठेवत. भोंगाही ठेवावा, हे कुणाला सुचलं नाही.

चैत्रातल्या भंडाऱ्यात कढी कळकली. पितळी गंजाला, म्हणजे मोठ्या पातेल्याला, आतून कलई नसली की ताक बिघडतं. अर्धं गाव ओकलं. हिंमतरावांनी त्याच संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर केलं, “गोजरबाईचा हात आता थकला.”

गोजरबाई चाळीस वर्षं गावच्या पंगती रांधत आलेली; भंडाऱ्याची कढीही तिचीच. त्यानंतर तिला बारशालाही कुणी बोलावलं नाही.

महिन्याने देवळात झाडलोट करणाऱ्या विमलबाईने गंज घासायला काढला. आत कलईचा ठिपका नव्हता. मेहकरहून कलई करून आणायचं काम हिंमतरावांचं. गाव देवळात जमलं.

हिंमतरावांनी सवयीने माइक ओढला. “कोणाचं मन दुखलं असन, त...”

“असन?” गोजरबाई म्हणाली. “भाऊ, मी इथंच बसून राह्यली. इचारा ना मले.”

बायका हसल्या.

“बरं,” हिंमतराव म्हणाले. “गंजाले कलई नव्हती. गंजाचीच चूक.”

“हाव. गेला असता बिचारा आपल्या पायानं मेहकरले, पण कुलपात होता.”

मारुती तेवढा गंभीर राहिला.

मग गोजरबाईचा आवाज उतरला. “मले माफी नको, माही पंगत पाह्यजे. भोंग्यावर बोलले, भोंग्यावरच परत घ्या. कलई करून आना. कढी मीच करीन. पहिली वाटी तुमी प्यायची, सगळ्यायसमोर.”

हिंमतरावांनी माइक तोंडाजवळ धरला. तो चालूच होता. त्यांचा श्वास बसस्टँडपर्यंत ऐकू जात होता.

“कलई मी करून आनली नाही. बाईचा हात चांगला हाये. मी खोटं बोललो.”

गाव वाक्याच्या शेपटाची वाट पाहत राहिलं. ‘असन’ आलं नाही.

त्यांनी माइक बंद केला, भांड्यांची किल्ली विमलबाईपुढे ठेवली आणि गंज उचलून डोक्यावर पालथा घेतला. तो कानांपर्यंत उतरला. बाहेर भर बाजाराचा दिवस. एका हाताने गंज सावरत हिंमतराव पायऱ्या उतरून मेहकरच्या बसकडे निघून गेले.