भुसावळची बदली

पाचोऱ्याच्या फलाटावर मला पोचवायला आई, वडील आणि धाकटी बहीण आली होती. पॅसेंजर उशिरा आली, त्यामुळे निरोप दोनदा घ्यावा लागला. एकदा घंटा झाल्यावर, आणि गाडी खरोखर दिसल्यावर पुन्हा. पहिल्या वेळी आई रडली. दुसऱ्या वेळी तिने दशम्यांचं गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि सोडून पुन्हा घट्ट बांधलं. वडील एका अडत्याकडे दिवाणजी होते. बोलणं बेताचं. म्हणाले, "परक्या गावात आधी ऐकावं, मग बोलावं." भुसावळला गाडी बदलली आणि खंडवा, इटारसी, बीना करत मी झाशीला उतरलो.

तुमच्यापैकी जे पाचोऱ्यात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. भुसावळची बदली हातात आली होती, घर तिथून हाकेच्या अंतरावर, मग ती का सोडली? उत्तर मी आजवर तुकड्यातुकड्यांनी दिलं. इथे सलग लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि बाजारात धान्य परवडत नव्हतं. रेल्वेने कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकानं काढली होती. त्यातल्या झाशीच्या एका दुकानात मला कारकुनाची जागा मिळाली. दुकान म्हणजे रेल्वे कॉलनीच्या टोकाला असलेली जुनी माल-शेड. एका बाजूला गव्हाच्या आणि डाळीच्या पोत्यांच्या थप्प्या, दुसरीकडे गूळ, मीठ आणि कडू तेलाचे, म्हणजे मोहरीच्या तेलाचे, डबे, मध्ये लाकडी काउंटर. समोर वर्कशॉपच्या कामगारांच्या बायकांची रांग, हातात पिशव्या आणि कार्डं.

राहायला जागा ओरछा गेटच्या आत मिळाली, एका जुन्या मराठी कुटुंबात. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. घरच्या काकींची मराठी मी कधी ऐकली नव्हती. दोन खोल्यांचं घर, पण चुलीच्या जागेला त्या मुदपाकखाना म्हणत, आणि त्याच वाक्यात हिंदी येई. "बेटा, मुदपाकखान्यात ये, रोटी गरम आहे. सब्जीत नमक कमी झालंय का ते सांग." घराबाहेर पडलं की बुंदेली. तीत 'काय' हा शब्द सारखा येतो, म्हणून पहिले काही दिवस रस्त्यात कोणी तरी मराठीतच हाक मारतंय असं वाटून मी मागे बघत असे.

पहिलं वर्ष मी वडिलांचं ऐकलं आणि ऐकत राहिलो. भरीत आणि कळण्याची भाकरी आठवली की भुसावळच्या दुकानात बदली मागणारा अर्ज करायचो. असे अर्ज बरेच जण करत. ते मॅनेजरच्या टेबलाच्या खणात पडून राहत.

मॅनेजर नवे होते. दुसऱ्या डेपोतून आले होते आणि तिथलं दुकान शिस्तीने चालत होतं असं ते रोज सांगत. हुशार होते, स्वच्छ होते, पैशाला हात लावणारे नव्हते. हेही नोंदवायला हवं, कारण पुढचं वाचून ते लबाड होते असा समज होईल. त्यांची अडचण वेगळी होती. दुकान बिघडतं ते माणसांमुळे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी काउंटरमागची स्टुलं उचलून नेली. गिऱ्हाईक उभं असताना नोकराने बसायचं नाही. मग गिऱ्हाइकाशी धान्याखेरीज दुसरं बोलणं बंद झालं. मग आमच्या सदऱ्यांचे खिसे शिवून घ्यायचा हुकूम निघाला. रेल्वेचं फाटक बंद असल्यामुळे उशीर झाला, तर फाटक बंद असणार हे आधी ओळखून निघायला हवं होतं, असा शेरा मिळे. कारकून हसला म्हणून त्याच्याकडून लेखी खुलासा मागवल्याचंही मी पाहिलं.

तराजूवर नन्हेलाल होता, मूळ चिरगावचा, अंगाने आडवा आणि तोंडाने मोकळा. एकदा भर दुपारी तो पोत्याला टेकला. मॅनेजर म्हणाले, "यह दुकान है, धर्मशाला नहीं."

"सो तो दिखात है साब," नन्हेलाल म्हणाला, "धरमसाला में तो बैठबे देत."

त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. पुढे कित्येक दिवस रांगेतल्या बायका त्याला विचारत, "काय नन्हे भैया, आज बैठबे मिलो?"

दुकान झाडायचं काम जानकीचं होतं. वयाने माझ्या आईएवढी. दुकान बंद होताना ती जमिनीवर सांडलेले दाणे झाडून गोळा करी, सुपात पाखडी आणि पदरात बांधून नेई. मातीत, खड्यांत मिसळलेलं ते झाडण दुसऱ्या कोणाच्या कामाचं नव्हतं. ते तिचं होतं. तिला कामावर घेतानाच झाडण धरून पगार कमी ठरला होता, आणि हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. पाचोऱ्याच्या बाजारातही झाडण झाडणारीचंच असतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नव्हतं.

मॅनेजरांना वाटलं. त्यांनी दारावर इंग्रजीत नोटीस लावली. जमिनीवर पडलेलं धान्य रेल्वेचं आहे, ते पोत्यात परत जाईल. जानकीला वाचता येत नव्हतं. मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "बुहारन तो हमाई है लाला. साब नए हैं, जान जैहें." झाडण आपलंच आहे आणि साहेबांना ते कळेल, असा तिला भरवसा होता. संध्याकाळी नेहमीसारखं झाडण बांधून ती निघाली तेव्हा दारात तिला अडवलं गेलं. सगळ्यांसमोर गाठोडं सोडायला लावलं आणि चोरीच्या आरोपावरून तिला कामावरून काढण्यात आलं.

मॅनेजरांचा हिशेब सरळ होता. झाशीत झाडणाऱ्या पुष्कळ, दुसरी ठेवू. पण दुसरी आली नाही. ज्या घराचं, ज्या दुकानाचं झाडकाम एका कुटुंबाकडे आहे तिथे दुसऱ्याने झाडू लावायचा नाही, हा झाडणाऱ्यांच्या बिरादरीचा नियम. ती जागा त्या कुटुंबाची मालमत्ता, लेकीच्या लग्नात हुंड्यात द्यावी इतकी पक्की. मॅनेजरांनी छावणीपर्यंत निरोप धाडले, पगार वाढवून देतो म्हणाले. बायका येत, दारातून आत बघत आणि विचारत, "जा जागा तो जानकी की आय?" ही जागा जानकीची ना, एवढं विचारून त्या परत जात.

दुकान तसंच राहिलं. काउंटरपाशी गहू पायाखाली करकरू लागला. चिमण्या आल्या, मग उंदीर आले. गुळाच्या ढेपांभोवती मुंग्यांच्या रांगा लागल्या. रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या राहत आणि मॅनेजरांच्या खोलीकडे बघत मोठ्याने बोलत.

मग हुकूम निघाला की दुकान नोकरांनी झाडावं.

त्या संध्याकाळी घरी जाताना जानकी मला ओरछा गेटपाशी भेटली. हुकूम तिच्यापर्यंत पोचला होता. मी म्हणालो, मला झाडू घ्यायची लाज नाही. घरी अंगण झाडतो.

"मैं जानत," ती म्हणाली. "लाज की बात नईंयाँ. तुमने झाड़ दई, तो मोरी जागा गई."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नकार दिला, पण कारणं वेगवेगळी होती. बाकीच्या दोन कारकुनांनी धर्माचं कारण लिहून दिलं. आमच्या जातीत हे काम चालत नाही. ते तेव्हा मान्य होणारं कारण होतं आणि मान्य झालंही. नन्हेलालने कंबर दुखते असं सांगितलं. मी हुकूम पाळणार नाही एवढंच म्हणालो, आणि मला चार्जशीट मिळालं.

काकींना ही बातमी वर्कशॉपमधल्या शेजाऱ्याकडून कळली. त्यांनी त्या दिवशी शिरा केला. "ब्राह्मणाच्या मुलाच्या हाती झाडू देतात? बरं केलंस." मी त्यांना सांगितलं की कारण ते नाही. जानकीचं सांगितलं. शिरा वाढता वाढता त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नकोस, बेटा." पुढे काही दिवस त्यांनी माझं पाणी वेगळ्या तांब्यात ठेवलं, मग नेहमीच्या तांब्यात ठेवू लागल्या.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला खोलीत बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. खणातून माझा बदलीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. भुसावळच्या दुकानात जागा रिकामी झाली होती.

"कुलकर्णी, तुम अच्छे घर के हो," ते म्हणाले. "लिख दो कि धर्म की वजह से मना किया. बाकियों ने भी लिखा है. मामला खतम, और यह कागज मैं खुद ऊपर भेजता हूँ. दिवाली घर पर करना."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. एकाने दुसरं कारण दिलं तर जानकीचं प्रकरण अधिकाऱ्यांपुढे उघडं पडेल, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. मी रात्रीपर्यंत विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला घरी जायचं होतं, फार जायचं होतं. पण ते एक वाक्य लिहिलं असतं तर जानकीची जागा माझ्या जातीच्या आड कायमची गडप झाली असती. खोलीतून बाहेर पडतानाच माझं ठरलं होतं.

चौकशीला डिव्हिजनचे एक वयस्क अधिकारी आले. दारातून टेबलापर्यंत ते जपून चालत आले, बूट गव्हावर पडू नयेत म्हणून.

"हुक्म क्यों नहीं माना?" त्यांनी विचारलं.

"साहब, झाड़ने का काम जानकी का है. मैं झाड़ दूँ तो उसकी जगह जाती है."

"जगह रेलवे की है."

"दुकान रेलवे की है साहब. यह जगह जानकी की है, इसीलिए इतने दिन में कोई दूसरी नहीं आई."

त्यांनी चष्मा काढला. "ब्राह्मण हो?"

"हूँ."

"तो यही कारण लिख लूँ? तुम्हारे लिए आसान रहेगा."

"नहीं साहब. वह कारण नहीं था."

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते. अधिकाऱ्यांनी मग मला विचारायला हवं तेच विचारलं. झाडण कोणाचं, केव्हापासून, तिचा पगार काय ठरला होता. मी जे माहीत होतं ते सांगितलं, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणालो. नन्हेलाललाही आत बोलावलं. कंबरेचा विषय त्याने काढला नाही. त्याने सगळ्याला दुजोरा दिला.

निकाल दोन भागांत आला. जानकीवरचा चोरीचा आरोप मागे घेतला गेला, तिला कामावर घेतलं, आणि झाडण जुन्या रिवाजाप्रमाणे तिचं राहिलं. मला हुकूम न पाळल्याबद्दल ताकीद मिळाली आणि ताकीद मिळालेल्या नोकराची बदली त्याच्या मागणीवरून होत नाही या नियमाने माझा अर्ज फेटाळला गेला. भुसावळला दुसरा कोणी गेला. स्टुलं परत आली नाहीत.

जानकीने माझे आभार मानले नाहीत. दुकान झाडून झाल्यावर ती काउंटरपाशी थांबली.

"काय लाला, अब तो इतईं रैहो?"

"हो, इथेच."

"तो ब्याव कर लो," लग्न करून टाक असं सांगून ती गाठोडं उचलून गेली.

वडिलांना मी सगळं कळवलं. मला वाटलं होतं ते नाराज होतील. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. ऐकून झालं होतं, आता बोललास, ठीक केलंस. आईने त्याच पत्राखाली लिहिलं होतं की दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवते. करंज्या मोडून आल्या. चकल्या बऱ्या होत्या.

लढाईनंतर ती दुकानं बंद झाली. मी एका वर्तमानपत्राचा इथला बातमीदार झालो आणि या शहरातल्या पुष्कळ चौकशा नंतर कागदावर उतरवल्या. लग्न झालं, इथल्याच मराठी घरात. मुलांना माझी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. पाचोऱ्याला आलो की तुम्ही विचारता, किती दिवस आहेस. झाशीत हा प्रश्न मला कोणी विचारत नाही.

तुमच्यापैकी नवीन बाहेर पडलेले विचारतात की परकं गाव आपलं कधी होतं. भाषा आली की, घर बांधलं की, मुलं झाली की, अशी उत्तरं मी ऐकली आहेत. माझ्यापुरतं मला माहीत आहे. ज्या गावात आपण कोणाला तरी तोंडावर नाही म्हटलं आणि तरी दुसऱ्या दिवशी तिथेच कामाला गेलो, ते गाव आपलं. तोवर आपण पाहुणे असतो. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

ताकीद मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून दुकानात गेलो. मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी वाट बघितली नाही. काउंटरचं फळकूट वर करून आत गेलो आणि रांगेतल्या पहिल्या बाईला पुढे बोलावलं.