भडगावहून आलेली सोयरीक

मंडळी, ऑफिसातला कॉम्प्युटर मोकळा आहे तोवर आपल्या ई-मेल गटाला आज सकाळची गोष्ट सांगून टाकते.

भडगावचे नाना आणि नानी, वडिलांचे जुने स्नेही, देवपूरला आमच्या घरी आले. नानांच्या हातात नारळ, नानींच्या मांडीवर पोमेरेनियन कुत्री. आमच्या मोतीशी तिची सोयरीक करायची, म्हणाले.

मी नाही म्हटलं. मोती स्पिट्झ आहे. जात जवळची असली तरी अंगाने तिच्या दुप्पट. पिल्लं बापावर गेली तर ही बाळंतपणात अडेल, कदाचित वाचणारही नाही.

"दोन्ही पांढराच शेतस ना, ताई!" नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले आणि हसले.

मी वाद घातला नाही. मोतीला बाहेर आणलं. कुत्री मान न वाकवता त्याच्या पोटाखालून आरपार निघून गेली. नानांचं हसू थांबलं.

नानींनी तिला परत उचलून घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मनं लगीन जमाडं तवय मी बी इतलीशीच व्हतू. कोनी इचार करा नही."

नाना नारळाची शेंडी उपटत बसले. मी चहा ठेवायला आत गेले.

तुम्ही काय बोलला असता?