बिनसहीची मुखपृष्ठं

माझे बाबा सार्वजनिक वाचनालयात बाइंडर होते. वर्षभराची मासिकं एकत्र शिवून त्यांचा जाड खंड बांधायचा, हे त्यांचं काम. शिवण्याआधी प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, असा तिथला नियम होता, म्हणजे खंड आटोपशीर होतो. जाहिराती रद्दीत जायच्या. मुखपृष्ठं मात्र बाबांच्या हातून रद्दीत पडेनात.

"बाई, ही मी घरी नेऊ का?" त्यांनी एकदा ग्रंथपालबाईंना विचारलं.

"न्या की. कचराच तो," बाई म्हणाल्या.

तो कचरा तीस वर्षं आमच्या घरी येत राहिला. बहुतेक मुखपृष्ठांवर बायांचीच चित्रं असायची. आधी गादीखाली, मग कपाटाच्या वर, मग कपाटात. आई कपाळाला हात लावायची. "माझ्या साड्या आता बाइंड करून ठेवा, म्हणजे तुमच्या बायांना जागा होईल!" बाबा हसायचे आणि आणखी एक कप्पा मागून घ्यायचे. समोरच्या भिंतीवर त्यांनी एक काचेची चौकट लावली होती. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्यातलं चित्र बदलायचं. कुठलं लावायचं हे ठरवायची मात्र आई. कुरकुर करत का होईना, सगळा गठ्ठा उपसून तासभर बघत बसायची.

आई गेली तेव्हा चौकटीत सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचं चित्र होतं. खिडकीशी बसलेली, एक डोळा बारीक केलेला, ओठ घट्ट मिटलेले. पुढचं वर्षभर ते चित्र हललं नाही. बाबा निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. सकाळी चहा घेऊन त्या चित्रासमोर बसायचे ते दहा-दहा वाजेपर्यंत. मी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. शेवटी न राहवून मी म्हटलं, "बाबा, चित्र बदलू या का?"

ते कप उचलून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतले, तर सगळ्या घरभर मुखपृष्ठं पसरलेली. बाबा गुडघ्यांवर बसून, हातात भिंग घेऊन त्यांच्या राशी लावत होते.

"इकडे ये. हे बघ. सावलीच्या रेघा."

मला काही कळेना.

"अगं, सगळे चित्रकार सावलीच्या रेघा एका बाजूला कललेल्या काढतात. ह्या त्रेचाळीस चित्रांत त्या उलट्या कलल्यात. हा एकच माणूस आहे. आणि तो डावखुरा आहे."

त्रेचाळीसही चित्रं एकाच मासिकाची होती, पण एकावरही सही नव्हती. वाचनालयातल्या खंडांत, आतल्या पानावर दर वेळी एवढंच छापलेलं होतं, 'मुखपृष्ठ : आमचे चित्रकार'. ते मासिक बंद पडूनही बरीच वर्षं झाली होती. बाबांनी शोध घ्यायचा चंगच बांधला. त्याच्या जुन्या छापखान्यातला एक मशीनमन अजून हयात असल्याचं त्यांना कळलं. मला बरोबर घेऊन ते त्याच्याकडे गेले. त्याने चित्रं पाहिली आणि पटकन म्हणाला, "ही तर डावरी बाई! ऑफिसात कधी आली नाही ती. तिचा भाऊ पाकीट आणून द्यायचा. पाट्या रंगवायचं दुकान होतं त्याचं."

बाई! बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

पाट्यांचं दुकान आता भावाचा मुलगा चालवत होता. त्याची आत्या वरच्याच खोलीत राहायची. एक्याऐंशी वर्षांची, बारीक अंगाची, केस कापलेली. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि भिंती अगदी कोऱ्या.

बाबांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. तिने पहिलं चित्र उचललं आणि बराच वेळ ते नुसतंच धरून बसली.

"माझ्याकडे एकही नाही," ती म्हणाली. "मूळ चित्रं ऑफिसातच राहायची. ऑफिस बंद झालं, तेव्हा कुणीतरी सगळी रद्दीत घातली."

"सही का नाही केलीत आत्या?" मी विचारलं. तिच्या भाच्याने तिला आत्या म्हटलं होतं, तेच माझ्याही तोंडी आलं.

"वडिलांची अट होती. घरी बसून काढ, पण नाव लावायचं नाही. पुढे वडील गेले. मी संपादकांना म्हटलं, आता लावू का? ते म्हणाले, कशाला, वाचकांना सवय झालीय. मी गप्प बसले. बसायला नको होतं."

एकेक चित्र ती उजवीकडे ठेवत गेली. ही शेजारीण, ही धाकटी बहीण, ही मीच, आरशात बघून काढलेली. मग सुईवाली बाई तिच्या हातात आली. तिने ती खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि परत आणून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली.

"हे माझं नाही."

बाबांचा चेहरा पडला. "पण रेघा..."

"रेघा माझ्यासारख्या काढल्यात, म्हणजे वाचकांना फरक कळू नये. पण काढणारा उजव्या हाताचा आहे. रेघेचं बारीक टोक बघा. हात जिथे उचलला तिथे टोक निघतं. माझं खाली निघतं, ह्याचं वर." चित्र टेबलावर सरळ करत ती म्हणाली, "त्या वर्षी माझी धाकटी बहीण गेली. चार महिने मी कागदाला हात लावला नाही. कुणी काढलं मला माहीत नाही. पण चांगलं काढलंय हो. फार चांगलं."

बाबा घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्या आईने निवडलेलं शेवटचं चित्र. त्याचा माणूस काही सापडायचा नाही आता." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

वाचनालयाच्या वाचनकक्षात प्रदर्शन भरवायचं बाबांनी ठरवलं. बेचाळीस चित्रं, बेचाळीस चौकटी. पुठ्ठे त्यांनी स्वतः कापले, आणि प्रत्येक चित्राखाली आत्यांचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. भाच्याने आत्यांना हाताला धरून जिना चढवला. त्या पहिल्या चौकटीपाशी थांबल्या. चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही, खालचं नाव वाचलं. मग दुसरीखालचं. मग तिसरीखालचं. बेचाळीसही नावं वाचून झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "काचा काढता येतील का हो? मी सह्या करते."

दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज पाच-सहा चित्रं घेऊन त्यांच्या खोलीवर जायला लागले. डावा हात थरथरायचा. एक सही करायच्या, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसायच्या, मग दुसरी. एकदा सही वाकडी गेली तेव्हा म्हणाल्या, "असू दे. चाळीस वर्षं थांबलीय, वाकडी होणारच." एकोणतीस सह्या झाल्या आणि त्यांना ताप भरला. आठवड्याने त्या गेल्या. शांतपणे, दुपारच्या झोपेत.

भाचा बाबांना म्हणाला, "काका, मी पाट्या रंगवतो. आत्याची सही मला हुबेहूब जमेल. उरलेल्या तेरा करून देऊ?" तो मनापासून म्हणत होता.

"नको रे," बाबा म्हणाले. "त्यांचं नाव खाली लिहिलंय. तेवढं पुरे."

सुईवाली बाई घरच्या चौकटीत परत गेली; बाकीची सगळी बेचाळीस चित्रं बाबांनी वाचनालयाला देऊन टाकली. ती आता वाचनकक्षाच्या लांब भिंतीवर कायमची लागली आहेत. बाबा दर गुरुवारी जाऊन काचा पुसतात. काही चित्रांवर सही आहे आणि काहींवर नाही, असं का, हे कुणी ना कुणी विचारतंच. मग बाबा फडकं खांद्यावर टाकतात, विचारणाऱ्याला खुर्ची देतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात.