ताप गेल्यावरचं आजारपण

ताई, माझी मोठी बहीण, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिच्या मेंदूत विषाणू शिरला तेव्हा ती बरेच दिवस उल्हासनगरच्या हॉस्पिटलात होती. ताप उतरला, आम्ही तिला बेलवलीच्या घरी आणलं. पुन्हा पोळ्या लाटायला लागली, तसे आम्ही निर्धास्त झालो.

मग एका दुपारी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

मला आधी मस्करीच वाटली. पण तिचं तोंड आपोआप वेडंवाकडं व्हायला लागलं, आणि आम्ही तिला घेऊन परत हॉस्पिटल गाठलं.

पाठीतलं पाणी तपासून डॉक्टर म्हणाले, "विषाणू परत आलेला नाही. त्या आजारात शरीराने ज्या अँटिबॉडीज तयार केल्या, त्यातल्या काही आता तिच्याच मेंदूवर उलटल्यात. प्रतिकारशक्ती दाबावी लागेल."

"पण त्या शक्तीच्याच जोरावर ताई वाचली ना?" मी विचारलं.

"हो. औषधांबरोबर तिचाही वाटा होता."

आई ताकदीसाठी घरून अंडी उकडून आणायची आणि इकडे सलाइनमधून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जात असायचं. मी अंडी सोलून ताईला भरवायची. तिच्या शरीराने लढावं म्हणून प्रार्थना करायची की थांबावं म्हणून, हेच मला कळत नव्हतं.

काही आठवड्यांनी ताई मला म्हणाली, "इतकी का वाळलीस गं?"

आता ती बरी आहे. शेजारच्या काकू प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा आणून देतात. तो तिला द्यावा की नाही, मला अजून ठरवता येत नाही.