खाली म्हणजे काय?

ट्रॅकपँट आणि स्पोर्ट्स शूज घालून मी शिरवणे गावातल्या वाचनालयात पोचलो, तर बाकीचे सगळे साध्या कपड्यांत. ‘कोच हवेत’ एवढंच मी वाचनालयाच्या मेसेजमध्ये वाचलं होतं. वाटलं, पोरांना कबड्डी शिकवायची असेल. काम निघालं भलतंच. ज्यांचं भाड्याचं घर सुटायच्या बेतात आहे, त्यांच्यातल्या एकाला दर आठवड्याला भेटायचं. सल्ला द्यायचा नाही, नुसते प्रश्न विचारायचे. आणि हे मी करायचं! लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत गुडघेदुखीवर सल्ला देणारा मी!

माझ्या वाट्याला आलेली बाई लातूरकडची. नवरा सोडून गेलेला. ऑफिसात साफसफाईचं काम करायची, दहावीतल्या मुलीला घेऊन गावठाणात वरच्या खोलीत राहायची. घरमालकीण म्हणाली होती, "पुढच्या महिन्यात खाली करायचं हाय." तेव्हापासून ही तिची नजर चुकवत होती.

"एकट्या बाईला दुसरी खोली कोण देतंय, काका? पोरीनं अभ्यास काय फलाटावर करायचा?"

‘काका’ जरा लागलं. ओठांवर आलेले सल्ले गिळून मी विचारलं, "का खाली करायचं, ते विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? खाली म्हंजे खाली."

"विचारलं तर काय ऐकावं लागेल असं वाटतं?"

ती हळूच म्हणाली, "जा म्हनली तर?"

मग आम्ही तालीम केली. घरमालकीण मी. इतकी खाष्ट वठवली, की ग्रंथपाल बाई उठून आल्या. ही मात्र खुदकन हसली आणि ठणकावून म्हणाली, "मावशी, आमी कुठं जायचं ते तुमीच सांगा!"

पुढच्या आठवड्यात आली ती सांगतच, "काका, मलाच वरडली की वो!" मालकीण म्हणाली होती, "अगो, वरची खाली कर म्हंजे खालच्या रूममदी ये! पोराचं लगीन हाय, वरची त्याला. तुला कोन घालवतंय?"

खालच्या खोलीत उजेड कमी आहे, पण नळ दारातच. मुलगी खिडकीपाशी अभ्यासाला बसते.

घरी बायकोला सगळं सांगितलं, माझ्या अभिनयासकट.

"म्हणजे गेली तीच, बोलली तीच. तुम्ही फक्त विचारलंत आणि ऐकून घेतलंत?"

"हो."

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली. "बसा मग. मलाही जरा बोलायचंय."